वारसा आणि विश्वास

आमच्या घरी एक जाडजूड मराठी बायबल आहे. कातडी बांधणी उसवलेली, कडा कसरीने खाल्लेल्या, मधली काही पाने डिंकाने पुन्हा चिकटवलेली. जुना करार जेथे संपतो आणि नवा करार जेथे सुरू होतो, त्या दोहोंच्या मध्ये माझ्या पणजोबांनी चार कोरी पाने शिवून घेतली होती. घरातल्या प्रत्येकाचे नाव, जन्म, बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांची नोंद त्या पानांवर आहे. पहिली नोंद पणजोबांची स्वतःची. तीत जन्मतारीख नाही. ती त्यांना ठाऊक नसावी. वडिलांचे नावही नाही. फक्त स्वतःचे नाव आणि पुढे 'बाप्तिस्मा, १८९६'. आमचा वंश त्या पानावर एका माणसापासून सुरू होतो. जणू त्याच्या आधी कोणी नव्हतेच.

पणजोबांना घरात सगळे 'थोरले मास्तर' म्हणत, आणि ते नाव अजूनही चालते. ते मूळचे कोल्हापूर भागातल्या एका खेड्यातले. मिशनच्या शाळेत शिकले, तेथेच शिक्षक झाले आणि विशी-बाविशीत त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. ती बातमी गावी पोचली तेव्हा त्यांच्या वडिलांनी नदीवर जाऊन जिवंत मुलाच्या नावाने तिलांजली दिली. ही हकीकत आजोबा सांगत तेव्हा आम्ही मुले डोळे विस्फारून ऐकत असू. त्या नदीकाठच्या बापाच्या मनात त्या क्षणी काय असेल, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही कधी पडला नाही. आमच्या दृष्टीने तो गोष्टीतला दुष्ट माणूस होता.

गाव सुटल्यावर थोरले मास्तर बेळगावास आले. येथे लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० पासून चालू होते. बाबा पदमनजी यांचा जन्म याच गावचा, १८३१ सालचा. १८५४ साली त्यांचा बाप्तिस्माही येथेच झाला. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाला हे गाव अगदीच परके नव्हते. मास्तर येथे स्थिरावले. त्यांचे चिरंजीव, म्हणजे माझे आजोबा, शिक्षक झाले. वडील टपाल खात्यात होते. मी हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो.

आपल्या बृहन्महाराष्ट्रातल्या जुन्या घराण्यांना आपण कोणाबरोबर आलो हे सांगण्याची हौस असते. इंदूरकर होळकरांचे नाव घेतात, ग्वाल्हेरकर शिंद्यांचे, बडोदेकर गायकवाडांचे. आमच्याकडे सांगण्यासारखा राजा नव्हता. आमच्याकडे ती चार पाने होती. पाहुणा आला की बायबल काढले जाई आणि 'आम्ही चौथ्या पिढीचे ख्रिस्ती' हे वाक्य मी कितीदा उच्चारले असेल याची गणती नाही. त्या वाक्यात काही चुकीचे आहे असे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत वाटले नव्हते. ते माझ्या नातीमुळे वाटले.

आमच्या मंडळीत बालबाप्तिस्म्याची रीत आहे. मूल तान्हे असताना आईवडील त्याच्या वतीने वचन देतात. ते जाणते झाले, साधारण पंधरा-सोळा वर्षांचे झाले, की उपासनेत सर्वांसमोर उभे राहून तेच वचन स्वतःच्या तोंडाने देते. याला दृढीकरण म्हणतात. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात असला तरी आमच्या घरातल्या सगळ्यांचे दृढीकरण बेळगावातच व्हायचे, हा शिरस्ता. त्याप्रमाणे २०२४ साली नातीचे ठरले. पाळकांशी बोलणे झाले, पांढरा पोशाख शिवून झाला, नातेवाइकांना निरोप गेले. आणि आदल्या आठवड्यात ती माझ्या खोलीत येऊन म्हणाली,

"आजोबा, मी ते वचन एवढ्यात नाही म्हणणार."

"एवढ्यात नाही म्हणजे?"

"म्हणजे ते मला अजून माझं वाटत नाही. सगळ्यांसमोर उभं राहून खोटं कशाला बोलू?"

मी शिक्षक माणूस. समजावून सांगण्याची सवय. मी म्हणालो, "अगं, सहा पिढ्यांचं हे चालत आलंय. थोरल्या मास्तरांनी त्यासाठी घर सोडलं, गाव सोडलं. आणि तू..."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण आजोबा, मास्तरांच्या वडिलांनीही त्यांना हेच सांगितलं असेल ना? इतक्या पिढ्यांचं चालत आलंय, आणि तू असं करतोस?"

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. तिला खरोखर उत्तर हवे होते, आणि माझ्याजवळ ते नव्हते. माझा आवाज चढला होता, हात थरथरत होते. ती निघून गेल्यावर माझ्या ध्यानात आले की आयुष्यभर ज्यांचे नाव सांगत आलो त्या मास्तरांच्या बाजूला मी आता उभा नव्हतो. मी त्यांच्या वडिलांच्या बाजूला, त्या नदीकाठी उभा होतो.

मुलगा तिच्यावर रागावला. मी त्याला आवरले. पण ते औदार्याने नव्हे, निरुत्तर झालो होतो म्हणून.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी तेच बायबल उघडले. त्या चार पानांनंतर लगेच मत्तयाचे शुभवर्तमान सुरू होते, आणि त्याचा आरंभच वंशावळीने होतो. अब्राहामापासून दावीदापर्यंत चौदा पिढ्या, दावीदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा, तेथून ख्रिस्तापर्यंत चौदा. लहानपणी कौटुंबिक प्रार्थनेत हा अध्याय वाट्याला आला की आम्ही कंटाळून जात असू. त्या रात्री मी तो सावकाश वाचला. पुरुषांच्या त्या लांबलचक यादीत मरीयेच्या आधी चार स्त्रियांचा उल्लेख येतो: तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको. राहाब यरीहोची, रूथ मवाबी. दोघी परक्या कुळातल्या. कुळाच्या अभिमानाने वंशावळ लिहिणारा माणूस ही नावे बहुधा गाळून टाकील.

आणि दोनच अध्याय पुढे तोच मत्तय यार्देन नदीच्या काठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला आणतो. तेथे परूशी आणि सदूकी आले आहेत. धर्म त्यांच्या घरातलाच. योहान त्यांना बजावतो की अब्राहाम आमचा बाप आहे या भरवशावर राहू नका. देवाच्या मनात आले तर तो या नदीकाठच्या धोंड्यांतूनही अब्राहामाला लेकरे देईल. एकाच ग्रंथकाराने पहिल्या अध्यायात बेचाळीस पिढ्या मोजल्या आणि तिसऱ्या अध्यायात त्या मोजणीवर विसंबणाऱ्यांना दटावले. ह्या दोन अध्यायांमध्ये काही संबंध असेल हे मला पन्नास-साठ वर्षांच्या वाचनात जाणवले नव्हते.

मग एकातून एक संदर्भ निघत गेले. बाबेलात बंदिवान होऊन परमुलखात राहिलेल्या आपल्या लोकांना यहेज्केल अठराव्या अध्यायात सांगतो की बापाची नीतिमत्ता मुलाच्या खाती जमा होत नाही आणि बापाचे पापही मुलाच्या नावे पडत नाही. निकदेम हा वयस्क, प्रतिष्ठित शास्त्री रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. उत्तम कुळातला जन्म हीच ज्याची पुंजी, त्याला सांगितले जाते की तुला नव्याने जन्म घ्यावा लागेल. तो गोंधळून विचारतो की म्हाताऱ्या माणसाने पुन्हा आईच्या उदरात कसे शिरावे. पौल तर फिलिप्पैकरांना लिहिताना आपली सारी कुलीनता क्रमाने मांडतो. आठव्या दिवशी झालेली सुंता, बन्यामिनाचा वंश, परूशी पंथ. आणि हे सगळे ख्रिस्तापुढे आपण हानी समजतो असे म्हणून मोकळा होतो. ही वचने मी उपदेशातून शेकडो वेळा ऐकली होती. दर वेळी ती यहुद्यांविषयी आहेत असे समजून ऐकली. आमच्याविषयीही ती असू शकतात ही शंका मला शिवली नव्हती.

येथे एक कबुली देणे भाग आहे. मी अनेक वर्षे मंडळीच्या पंच कमिटीत होतो. बाहेरून कोणी विश्वास धरून आला तर आम्ही त्याची कसून परीक्षा घेत असू. का आलास? घरच्यांना सांगितलेस का? अमुक वचनाचा अर्थ काय? वर्ष-दोन वर्षे त्याला थांबवीत असू. एक तरुण मला चांगला आठवतो. एका मोटार गॅरेजमध्ये काम करी. त्याला मी विचारलेला पहिला प्रश्न होता, "तू कोणाचा?" तो काय उत्तर देणार? त्याने खाली पाहिले आणि वडिलांचे नाव सांगितले. ते नाव आमच्यापैकी कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. पुढे काही महिन्यांनी तो यायचा थांबला. त्याच वर्षी आमच्या घराण्यांतली सात-आठ मुले दृढीकरणाला उभी राहिली. त्यांना आम्ही एकही प्रश्न विचारला नाही. त्यांची आडनावे आम्हाला ठाऊक होती, तेवढे पुरे होते.

मराठी मातीतली उदाहरणे तरी आमच्यासमोर नव्हती असे कसे म्हणावे? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पुढे १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी निर्भीडपणे लिहिले आहे की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास गवसला. इतक्या विदुषीने, धर्मासाठी एवढे सोसलेल्या बाईने, आपला बाप्तिस्मा आणि आपला विश्वास यांत आठ वर्षांचे अंतर होते असे जगाला सांगावे, ही साधी गोष्ट नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लगेच त्यांच्यामागे गेल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा सुमारे पाच वर्षांनी झाला. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ती मधली वर्षे आठवत असतील. नवऱ्याचा देव म्हणून तो आपला देव, असे त्या बाईने मानले नाही. सोवळेओवळे आणि जातिभेद यांच्याशी त्यांचा झगडा त्यांनी स्वतःच्या मनात, स्वतःच्या गतीने लढला. आणि टिळकांनी तरी काय केले? आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी 'देवाचा दरबार' काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. ख्रिस्ताचा शिष्य कोण हे दफ्तरातल्या नोंदीवरून ठरवायला ते तयार नव्हते.

ही नावे आम्ही सभासंमेलनांतून मोठ्या अभिमानाने घेतो. साहित्यप्रेमी मंडळींना तीच ओळखीची असतात. पण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग महार आणि मांग समाजांतून आला, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणत्याही वाङ्मयाच्या इतिहासात नाहीत. तरीही सोयरीक जमवताना आमच्यातही दबक्या आवाजात विचारले जाते, "मूळचे कोण?" म्हणून थोरले मास्तर मूळचे कोण होते ते मी येथे लिहिलेले नाही. वाचकांपैकी काहींना ते जाणून घेण्याची इच्छा झाली असेल. मला ती इच्छा परिचयाची आहे. मीही तीच बाळगत आलो. जो माणूस धोंड्यांतून निर्माण होणाऱ्या लेकरांच्या वचनावर विसंबून घराबाहेर पडला, त्याच्याच नावाची आम्ही एक नवी जात केली, हे मला आता दिसते.

मग वाडवडिलांचे काहीच मोल नाही का? तसे म्हणणे मला कृतघ्नपणाचे वाटते, आणि शास्त्रही तसे म्हणत नाही.

आमच्या परसात एक आंब्याचे झाड आहे. वडिलांनी लहानपणी रत्नागिरीहून आलेल्या पेटीतला हापूस खाल्ला आणि त्याची कोय हौसेने परसात लावली. झाड जोमाने वाढले. कित्येक वर्षांनी फळ धरले, ते निघाले आंबट, रेषाळ. आई त्याचे लोणचे घाली. हापूसच्या कोयीतून हापूसच येतो असे नाही, हे कोकणात किंवा गोव्यात कोणीही सांगेल. प्रत्येक झाड नव्याने कलम करावे लागते. पण कलम हवेत बांधता येत नाही. त्याला खाली मुळे धरलेले रोप लागतेच. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौलाने नेमकी हीच भाषा वापरली आहे. रानटी जैतुनाची फांदी चांगल्या जैतुनावर कलम केली आहे. तिने मोडून पडलेल्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नये, कारण ती मुळाला धरत नाही, मूळ तिला धरून आहे. घराण्याच्या गर्वाला यात जागा नाही. घराणे सोडून आल्याच्या गर्वालाही नाही.

माझी स्वतःची गोष्ट सांगायची तर माझे दृढीकरण पंधराव्या वर्षी झाले. मी ते वचन खणखणीत आवाजात म्हटले. त्याचा अर्थ काय हे मला कोणी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही. २०११ साली पत्नी आजारी पडली. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री मी इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. प्रार्थना करावी असे वाटत होते आणि जमत नव्हते. तोवरच्या माझ्या प्रार्थना दुसऱ्यांना ऐकू जाव्यात अशा असत. येथे ऐकायला कोणी नव्हते. अखेर लहानपणी वडिलांनी पाठ करून घेतलेले तेविसावे स्तोत्र मी पुटपुटू लागलो. मधेच थांबलो. हे ऐकणारा कोणी आहे की नाही, हा प्रश्न मी त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा खरोखर विचारला. उत्तर आले असे मी म्हणणार नाही. पण मी पुन्हा सुरुवात केली आणि ते स्तोत्र शेवटपर्यंत म्हटले. शब्द वडिलांचे होते. म्हणायचे की नाही हे मात्र मलाच ठरवावे लागले. दोन दिवसांनी पत्नी गेली. तरीही त्या रात्रीनंतर मी देवाशी बोलणे सोडले नाही. माझा विश्वास कोठे सुरू झाला असे कोणी विचारले तर मला तोच बाक आठवतो. त्या चार पानांवर माझ्या नावापुढे जन्म आहे, बाप्तिस्मा आहे, विवाह आहे; ही तारीख कोठेच नाही.

ते स्तोत्र वडिलांनी पाठ करून घेतले नसते तर त्या रात्री माझ्या तोंडात कोणते शब्द आले असते, कोण जाणे. पौल तीमथ्याला लिहिताना त्याच्या आजीची, लोईसची, आणि आईची, युनीकेची आठवण काढतो. त्यांच्या ठायी जो विश्वास आधी होता तो तुझ्यातही आहे अशी मला खात्री आहे, असे लिहितो. पण लगेच पुढच्या वाक्यात त्याला सांगतो की तुझ्यातले ते दान तू चेतव. राखेखालचा विस्तव आजी जपून ठेवू शकते. फुंकर ज्याची त्याने घालायची असते.

परमुलखात राहणाऱ्या आपल्या मराठी घरांना हे समजायला अवघड जाऊ नये. आडनाव मराठी, देव्हाऱ्यातले किंवा भिंतीवरचे सारे काही मराठी, आणि कपाटातले मराठी पुस्तक दहा वर्षांत उघडलेले नाही, अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. भाषा रक्तातून येत नाही. ती दर पिढीत कोणीतरी बसून वाचावी लागते. विश्वासाचे तर त्याहून अवघड आहे, कारण भाषा शिकवता तरी येते.

नातीचे दृढीकरण त्या वर्षी झाले नाही. पांढरा पोशाख कपाटात आहे. नातेवाइकांनी काय काय म्हटले ते येथे सांगत नाही. मी पाळकांना सांगितले की ती जेव्हा म्हणेल तेव्हा म्हणेल, आणि कदाचित म्हणणारही नाही. हे वाक्य उच्चारताना मला जे जड गेले ते लपवीत नाही. त्या गॅरेजमधल्या तरुणाचाही शोध घेतला. गॅरेज आता तेथे नाही, आणि त्याचा पत्ता कोणाला ठाऊक नाही.

नाताळच्या सुटीत ती आली तेव्हा तिने स्वतःहून ती चार पाने पाहायला मागितली. बराच वेळ वाचीत बसली. मग विचारले, "आजोबा, मास्तरांनी आपल्या वडिलांचं नाव का नाही लिहिलं?"

"रागाने असेल. किंवा दुःखाने. मला माहीत नाही."

"तुम्हाला नाव माहीत आहे?"

मला माहीत नव्हते. आजोबांनाही असेल की नाही, कोण जाणे. ज्या माणसाला आम्ही चार पिढ्या दुष्ट ठरवले त्याचे साधे नाव आमच्या घरात कोणी जपले नव्हते. नातीने पेन्सिल घेतली आणि थोरल्या मास्तरांच्या नोंदीच्या वर एक ओळ आखली, रिकामी. "सापडलं तर लिहू," म्हणाली.

शेवटच्या पानावर तिच्या स्वतःच्या नावापुढे जन्म आणि बाप्तिस्मा यांच्या तारखा माझ्या अक्षरात आहेत. त्यापुढची जागा मोकळी आहे. तेथे मी काही लिहिलेले नाही.